नातू बेसबॉलमध्ये पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा) आहे, अमेरिकेत मिनेसोटात बर्फ पडलाय आणि तो तीन आठवडे कोल्हापुरात येतोय. हात चालू ठेवू की बंद?

पीटी_सर_निवृत्त

नमस्कार मंडळी.

कोल्हापुरातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं पीटी शिकवली. खो-खो आणि सॉफ्टबॉल हे माझे खेळ, शेवटची दहा-बारा वर्षं बेसबॉलचाही संघ उतरवायचो. गांधी मैदान, दुधाळी, मेरी वेदर, जिथं जागा मिळेल तिथं पोरांना पळवलं. फेक कशी बसवायची ते मला कळतं. थंडीतलं मात्र काही कळत नाही, म्हणून विचारतोय.

नातू मिनियापोलिसजवळ असतो. वय १२, उजव्या हातानं फेकतो, पिचर आहे. ऑक्टोबरात त्यांचा शेवटचा सामना झाला, नोव्हेंबरात बर्फ पडला आणि लगेच क्लबचा हिवाळी वर्ग सुरू झाला. आठवड्यातून दोन संध्याकाळी बंद हॉलमध्ये माउंडवरून, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरून, फेकायचं. समोरच्या भिंतीवर वेगाचा आकडा उमटतो.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तो जेवत होता. पोळीचा तुकडा उजव्या हातानं मोडला, पण दुधाचा ग्लास डाव्या हातानं उचलला. थोड्या वेळानं परत डाव्यानंच. इतकी वर्षं पोरांचे हात बघितलेत, माझ्या पोटात गोळा आला. विचारलं तर म्हणाला, "आजोबा, कोपर आतल्या बाजूनं थोडं ठणकतं, दोन दिवसांनी थांबतं." आईला सांगितलं नव्हतं. सांगितलं की वर्ग बंद होईल, ही भीती.

१८ डिसेंबरला सगळे येतायत, ८ जानेवारीला परत. नातवाचं म्हणणं, "आजोबा, तिकडं बर्फ नाही, तर आपण रोज मैदानात फेकू." मुलगीही म्हणते, मोकळ्या हवेत सराव होईल तेवढा करून घ्या, मार्चमध्ये बाकीची मुलं पुढं गेलेली असतील. माझं मन मात्र तयार नाही. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे पंचगंगेच्या घाटावर धुकं असतं तेवढीच काय ती थंडी, दुपारी तर शर्ट भिजतो. उणे पंधरातून आलेलं पोर इथं घाम गाळून फेकणार आणि परत त्याच थंडीत जाऊन माउंडवर उभं राहणार. हे हाताला मानवेल का?

फेकू द्यायचं की नाही? नाही, तर हे तीन आठवडे त्याच्याकडून काय करून घेऊ? आणि परत गेल्यावर त्यानं कधी, कशी सुरुवात करावी? ज्यांची मुलं अशा थंड मुलखात हा खेळ खेळतात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

नवा_चेंडू

सर, माझा मुलगा इथंच क्रिकेट खेळतो, फास्ट बोलर आहे. आमचे कोच सांगतात, हात तीन आठवडे थांबला की लय गेली म्हणून समजा. डिसेंबरातल्या कोल्हापूरसारखं हवामान शोधून सापडायचं नाही. सकाळी सातला मैदानावर न्या, रोज पन्नास चेंडू टाकून घ्या. संध्याकाळी कोपराला बर्फ लावायचा. पोरं लवकर बरी होतात.

राजारामपुरी_ते_सेंटपॉल

सर, नमस्कार. माझं माहेर राजारामपुरी, सासर इचलकरंजी, आणि इथं सेंट पॉलमधला हा आमचा नववा हिवाळा. तुमचा निरोप वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं, कारण तो डाव्या हातातला ग्लास माझ्याच घरातला आहे. फक्त आमच्याकडे तो मला दिसला नाही.

आधी उत्तर देते, मग कारण. कोल्हापुरात एकही चेंडू फेकू देऊ नका. टेनिसचा नको, घरासमोर गंमत म्हणून नको, आंबा पाडायला दगडसुद्धा नको. आणि विमानात बसायच्या आधी त्याला इथल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला मुलीला आजच सांगा. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

माझा मुलगा आता १५ वर्षांचा आहे. बाराव्या वर्षी त्यालाही असाच हिवाळी वर्ग लावला होता. हॉलचं नाव घेत नाही, पैसे भरून त्याला तिथं नेणारे आम्हीच होतो. भिंतीवर लाल आकडा यायचा. नोव्हेंबरात ताशी ५४ मैल, जानेवारीत ५८. मी बाहेर गाडीत हीटर लावून बसायचे आणि तो बाहेर आला की पहिला प्रश्न, "आज किती?" मुलाला दुसरं काही विचारलंच नाही. फेब्रुवारीत एका सकाळी त्याला शर्टाचं वरचं बटण लावता येईना. कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं. डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढले, शेजारीशेजारी लावले आणि बोट ठेवून दाखवलं. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा छोटा तुकडा जिथं मूळ हाडाला कूर्चेनं जोडलेला असतो, तिथली फट डावीपेक्षा रुंद झाली होती. याला इथं 'लिटल लीग एल्बो' म्हणतात. मोठ्या माणसाचा अस्थिबंध फाटतो. मुलांमध्ये अस्थिबंध त्या कूर्चेपेक्षा मजबूत असतो, म्हणून ताण आला की कूर्चाच उसवते. ही कूर्चा पंधरा-सोळा वर्षांपर्यंत कधीतरी हाडात रूपांतर होऊन जुळते, तोवर जपावी लागते. सहा आठवडे चेंडूला हात नाही, मग हळूहळू सुरुवात. त्याचा एप्रिल-मे सगळा बाकावर गेला. ज्या हंगामासाठी हिवाळाभर फेकलं तो हंगामच गेला.

नवा_चेंडू, तुमच्या कोचचा अनुभव मी खोटा म्हणत नाही, पण पिचरच्या हाताचा हिशेब वेगळा आहे. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून मुलांच्या हातांसाठी 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात या वयाला वर्षातून किमान ४ महिने फेकणं बंद ठेवा असं स्पष्ट लिहिलंय, आणि त्यातले २ ते ३ महिने सलग. फ्लोरिडा-कॅलिफोर्नियातल्या आईबापांना हे महिने कॅलेंडरमधून ओरबाडून काढावे लागतात, कारण तिथं बारा महिने मैदान उघडं असतं. आपल्याला बर्फ ते आयते देतो. आणि आपण पैसे भरून हॉल घेतो आणि ते घालवतो. मला याचं फार वाईट वाटतं सर, कारण दर वर्षी नवीन आईबाप तेच करताना दिसतात.

उन्हाळ्यात निदान मोजणी असते. लिटल लीगमध्ये, म्हणजे इथल्या लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, ११-१२ वर्षांच्या पिचरला एका दिवसात ८५ पिच (फलंदाजाला टाकलेले चेंडू), त्यापुढे नाही. ६६ च्या वर गेला तर ४ दिवस विश्रांती सक्तीची. हॉलमध्ये हे कोण मोजतं? एका तासात मुलगा शंभर चेंडू टाकतो, आणि समोर आकडा दिसत असल्यामुळे प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकतो. मैदानावर लांबचे, सैल, कमानीतले थ्रो असतात, त्यात हात मोकळा होतो. हॉलमध्ये चाळीस-पन्नास फुटांवर भिंत. तिथं सैल फेकायला जागाच नसते.

थंडीचं विचारलंत. थंड स्नायू सावकाश ताणतो, बोटांची जाणीव कमी होते, आणि इथल्या कोरड्या हवेत चेंडूचं कातडं गुळगुळीत लागतं, शिवण बोटात धरत नाही. मग मूल चेंडू आवळून धरतं. आवळलं की मनगटापासून कोपरापर्यंत सगळं ताठ, आणि त्या ताठ हातानं जोर लावायचा. म्हणून एप्रिलमध्ये ५-६ अंशांत सामने असतात तेव्हा आमचा नियम असा की आधी पळून, उड्या मारून, हात फिरवून मानेवर घाम दिसला पाहिजे, मगच पहिला थ्रो. आणि आपली बॅटिंग चालू असताना बाकावर बसला की फेकणारा हात जाकिटात. आणखी एक, कॉम्पोझिट (कार्बन फायबरची) बॅट थंडीत तडकते. साधारण १५-१६ अंशांखाली वापरू नका असं बनवणारेच सांगतात. थंडीत ॲल्युमिनियमची नाहीतर लाकडी. तिनंही हाताला झिणझिण्या येतात, हातमोजे घालायला लावा.

आता आमच्या घरचं हिवाळ्याचं वेळापत्रक सांगते, डॉक्टर आणि शाळेच्या कोचनी मिळून बसवलेलं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी फेक बंद. त्या काळात तो बास्केटबॉल खेळतो. आधी मला वाटायचं, लक्ष विचलित होतंय. पण सेंट पॉलचाच बेसबॉलपटू जो मॉवर बघा. हायस्कूलमध्ये फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल तिन्ही खेळला, २००१ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू निवडीत) इथल्या ट्विन्स संघानं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं, कॅचर (फलंदाजामागे झेलणारा) असून ३ वेळा फलंदाजीचा किताब मिळवला, २०२४ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. लहानपणी त्याच्या वडिलांनी पाइपचं एक साधन बनवलं होतं. वरून चेंडू टाकला की वळून समोर पडायचा, आणि हा पोरगा घरातल्या घरात स्विंग मारायचा. विनफिल्ड, मॉलिटर, मॉरिस हे हॉल ऑफ फेमचे आणखी तिघं याच गावचे. सर, हे गाव वर्षातले पाच महिने गोठलेलं असतं.

बॅटिंग आम्ही बंद ठेवत नाही. गॅरेजमध्ये जाळी लावलीय, टीवर, म्हणजे उभ्या दांड्याच्या टोकावर, चेंडू ठेवून आठवड्यातून तीन दिवस साठ-सत्तर फटके. फक्त कोपर दुखत असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहिला थ्रो. ३० फुटांवरून पंचवीस थ्रो, एक दिवसाआड. पुढच्या आठवड्यात ४५ फूट, मग दोन आठवडे ६०, मग ९०. पाचव्या आठवड्यानंतर सपाट जमिनीवरून अर्ध्या जोरानं पिचिंग. माउंड सगळ्यात शेवटी, तोही पंधरा-वीस पिचांचा. पहिला सामना एप्रिलअखेर असतो, त्यावरून मागे मोजत यायचं. लय जाते का? पहिले आठ-दहा दिवस चेंडू कुठंही जातो. मग बसतो. तीन हिवाळे असे काढले, एकदाही कोपर दुखलं नाही.

कोल्हापुरात त्याचे पाय, कंबर आणि पाठ घडवा. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मंगळवार_पेठ

सर, नमस्कार. आम्ही बेसबॉल कधी खेळलो न्हाई, तालमीतली माणसं. पण खांद्याचं जरा सांगतो.

पोराला तालमीत आणा. कुस्ती लावायची न्हाई, घाबरू नका. मातीत उतरवायचं, फावड्यानं हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, उकरून घ्यायचा. अर्धा तास माती वरखाली केली की कंबर, पाठ, मांड्या सगळं जागं होतं, आणि तांबडी माती मऊ असती, गुडघ्याला दणका बसत न्हाई. मग बैठका. पहिल्या दिवशी तीस, दोन दिवसांनी चाळीस. आमच्या वस्तादांचं एकच सांगणं असायचं, पोरगं दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रडलं तर चूक शिकवणाऱ्याची.

आणि करेला, म्हणजे हातात धरून फिरवायचा मुद्गल. जोडी नको, एकच, लाकडी, हलका. मोठ्यांचा देऊ नका. लाकूड कापून हलका करून घ्या, दूध पिशवीएवढं वजन लई झालं. डोक्यामागून पाठीवर सोडायचा, बाजूनं वर आणायचा, सावकाश. करेल्यानं हाताला ओढू द्यायचं, हातानं करेल्याला ओढायचं न्हाई. दोन्ही हातांनी सारखा. एका हाताची माणसं लंगडी असतात, असं आमच्यात म्हणतात. फेकणाऱ्या पोराचा डावा हात कोण बघतच न्हाई.

कोपर दुखतंय म्हणलाय, तर जोर काढायला लावू नका. हातावर वजन नको.

शाहूपुरी_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सेंट पॉलच्या ताईंनी लिहिलेलं बहुतेक सगळं मलाही लिहायचं होतं, म्हणून फक्त राहिलेलं सांगते.

सर, मुलगा आला की त्याला उताणा झोपवा, दंड खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात. मग हात आतल्या बाजूला, म्हणजे तळवा जमिनीकडे, किती झुकतो ते दोन्ही हातांचं बघा. फेकणाऱ्या हाताचं बाहेरचं वळण जास्त आणि आतलं कमी असणं स्वाभाविक आहे. पण दोन्ही वळणांची बेरीज दोन्ही हातांना जवळपास सारखी यायला हवी. उजवीकडे बरीच कमी आली तर खांद्याची मागची बाजू आखडलीय. त्यासाठी हात छातीवरून आडवा नेऊन दुसऱ्या हातानं कोपराच्या वर धरून ओढायचा, अर्धा मिनिट, तीनदा. कोपर धरून पिळायचं नाही.

दुसरी चाचणी एका पायावर. उजव्या पायावर उभं राहून सावकाश अर्धी बैठक मारू द्या आणि गुडघा आत पडतो का बघा. पिचर याच पायावरून स्वतःला पुढं ढकलतो. हा पाय डगमगला की राहिलेला जोर हात भरून काढतो, आणि त्याचा भार कोपरावर येतो. तुमच्या खो-खोतली बसून उठून धावायची सवय इथं सोन्यासारखी उपयोगी पडेल.

रबरी पट्ट्यानं खांद्याचे बाहेर वळवण्याचे व्यायाम चालतील, कोपर बरगडीला चिकटवून, पट्टा सगळ्यात हलका, आणि दुखलं की थांबायचं. करेला कोपर पूर्ण शांत झाल्यावरच, आणि सुरुवात अर्ध्या किलोनं.

नवा_चेंडू, बर्फ लावल्यानं ठणका कमी होतो, पण कूर्चा तेवढ्यानं जुळत नाही. ठणका थांबला म्हणून मूल परत फेकतं, तिथंच घोटाळा होतो. कोपर पूर्ण सरळ होत नसेल, सूज असेल किंवा रात्री दुखत असेल तर व्यायामसुद्धा नकोत, आधी एक्स-रे. आणि तुमच्या मुलाचे चेंडूही मोजायला लागा, मी हे काळजीनं सांगतेय.

साप्पोरोत_सध्या

मी मूळचा गडहिंग्लजचा, कामासाठी होक्काइदोत आहे. इथल्या मुलांचं थोडं लिहितो.

जपानमध्ये शाळांची मोठी स्पर्धा ऑगस्टमध्ये कोशिएन मैदानावर होते. बर्फाळ होक्काइदोतल्या एकाही शाळेला ती जिंकता आली नव्हती. कोमाझावा तोमाकोमाई या शाळेनं २००४ ला पहिल्यांदा जिंकली, २००५ ला परत, आणि २००६ ला पुन्हा अंतिम फेरी. तो सामना १५ डावांनंतर १-१ असा बरोबरीत सुटला, दुसऱ्या दिवशी परत खेळवला, तेव्हा ते ४-३ असे हरले. ही मुलं हिवाळ्यात बर्फावर उतरून क्षेत्ररक्षणाचा सराव करायची. पण ती मुलं १६ ते १८ वयाची. बारा वर्षांच्या मुलासाठी त्यातलं घेण्यासारखं म्हणजे पाय. बर्फात पळताना प्रत्येक पाऊल उचलून टाकावं लागतं.

इथं आणखी एक प्रकार घरोघर चालतो. आखूड टॉवेल बोटांत धरून आरशासमोर पिचिंगची पूर्ण क्रिया करायची. चेंडू नसतो, त्यामुळे सोडण्याच्या क्षणाचा जोर राहत नाही, पण पाय कधी टेकला, खांदा कधी उघडला ते दिसतं. दुखणं थांबल्यावर, डॉक्टर हो म्हणाले की, दिवसाला पंधरा-वीस वेळा. सावकाश. झटका दिला तर हातावर ताण येतोच.

पीटी_सर_निवृत्त

मंडळी, आज १४ जानेवारी. सगळे परत गेले. ज्यांनी एवढं मनापासून लिहिलं त्यांना काय झालं ते कळायला हवं.

ताई, तुमचं उत्तर त्याच रात्री मुलीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, मीपण गाडीत बसून आकडाच विचारते." दोन दिवसांत डॉक्टरांकडे गेले. कूर्चेला सूज होती, फट रुंदावलेली नव्हती. वेळेत आलात म्हणाले. चार आठवडे हाताला काहीच ताण नको, बॅटही नको, आणि फेक थेट मार्चमध्ये. हिवाळी वर्ग बंद केला. पैसे परत मिळाले नाहीत, मिळू देत किंवा न मिळू देत.

इथं आला तेव्हा पोरगं रुसलेलं होतं. बॅगेतून ग्लोव्ह घेऊन आला होता आणि चेंडू ग्लोव्हमध्ये घालून उशाखाली ठेवायचा. साडेअकरा तासांचा फरक, त्यामुळे पहाटे तीनला टक्क जागा. मग आम्ही दोघं पाचला रंकाळ्याला निघायचो. पहिले चार दिवस नुसतं चालणं. पाचव्या दिवशी मी त्याला खो-खोच्या पाटीत बसतात तसं उकिडवं बसवलं आणि पाठीवर थाप मारून "खो" दिला. उठताना उजवा गुडघा आत पडला. शाहूपुरीच्या ताईंनी लिहिलं होतं अगदी तसंच. रोज वीस वेळा करून घेतलं. निघायच्या दिवशी बघितलं, गुडघा सरळ पावलावर येतो.

तालमीतही नेला. आधी नाक मुरडलं, मातीला ताक, तेल आणि हळदीचा वास येतो ना. मग फावडं हातात घेतलं, पण दोन्ही हातांनी उकरणं डॉक्टरांच्या सांगण्याबाहेर जाईल म्हणून मी थांबवलं. वस्तादांनी त्याला नुसतं मातीत अनवाणी पळायला लावलं, मग बैठका. शेवटच्या आठवड्यात तो पंचेचाळीसवर गेला. जिना उतरताना रडला नाही.

चार आठवडे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपले, आणि जायच्या आधी फक्त तीन दिवस बॅटला परवानगी मिळाली. उद्यमनगरात माझा एक जुना विद्यार्थी लेथ चालवतो. त्यानं लोखंडी बैठक, त्यावर पाइप आणि टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून टी बनवून दिली. नर्सरीतली जुनी शेडनेट अंगणात दोन नारळांच्या मध्ये बांधली. पहिल्या दिवशी वीस फटके. विसाव्या फटक्यानंतर मी काही न बोलता पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तो उजव्या हातानं घेतला, मान वर करून गटागट प्याला आणि उजव्याच हातानं तोंड पुसलं. मी तांब्या परत घेऊन आत गेलो, बायकोला काही दिसू नये म्हणून.

चेंडू शेवटपर्यंत फेकू दिला नाही. एकदा कणेरीला जाताना गुऱ्हाळावर थांबलो होतो, तिथं पोरं काकवीच्या रिकाम्या डब्यावर दगड मारत होती. यानं दगड उचलला, माझ्याकडे बघितलं आणि खाली ठेवला. मी एक शब्द बोललो नव्हतो.

मंगळवार पेठेतल्या भाऊंनी स्वतःहून घरी येऊन आंब्याच्या लाकडाचा छोटा करेला दिला. घरच्या काट्यावर ४८० ग्रॅम भरला. बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून गेलाय. रबरी पट्टा महिनाअखेरीपासून, करेला १५ फेब्रुवारीपासून, दोन्ही तिथल्या डॉक्टरांना विचारून. पहिला थ्रो १ मार्चला, ३० फुटांवरून.

ताई, एक विचारायचं राहिलं. तो पहिला थ्रो घरासमोर बर्फ बाजूला करून घ्यायचा की शाळेच्या जिममध्ये? मुलगी म्हणते जिमची फरशी कडक आहे, घसरायची भीती वाटते. त्या दिवशी मी व्हिडिओवर असणार आहे.

राजारामपुरी_ते_सेंटपॉल

सर, जिममध्येच. मार्चमध्ये घरासमोर दिवसा बर्फ वितळतो आणि संध्याकाळी त्याचीच काच होते. स्पाइक्स नकोत, साधे रबरी तळाचे बूट घाला, आणि फरशी आधी ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करून घ्या, धुळीमुळे पाय सरकतो. चेंडू अर्धा तास आधी घरातल्या उबेत ठेवायला सांगा. मुलीला माझा इथला निरोप द्या. आमचं घर पंचवीस मिनिटांवर आहे, पहिल्या दिवशी समोर झेलायला माझा मुलगा येईल.